सात टाळणारा हात

टकटक. फासे उभ्या पाटाला आपटले आणि चादरीच्या घडीवर येऊन थांबले. नेत्राने मगच श्वास सोडला.

तीन आणि तीन.

"बघितलंस?" मुकुल म्हणाला. "सात येतच नाही."

त्याने फासे पुन्हा उचलले. तिनाचे ठिपके वर, दोन्ही एकमेकांना चिकटवून, अंगठा मागे, बोटं पुढे. मग हात न झटकता अलगद सोडायचे. गोव्याच्या कॅसिनोत नको तेव्हा दोन फाशांची बेरीज सात आली की डाव गेला, हे तो मोबाइलवर बघून शिकला होता.

नोकरी गेल्यापासून तो घाटकोपरच्या या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. दाढी नाही, धड जेवण नाही. मोबाइलवर ही फेक बघताना तेवढा डोळ्यांत जीव यायचा. म्हणून नेत्राने हे पांढरे फासे आणले. मढला माहेरी, बापाच्या मासेमारीच्या जाळ्यांच्या खोलीत, लहानग्या लेकीला, दिशाला शेजारी बसवून तिने ते दुपारभर घासूनपुसून चकचकीत केले होते. पहिल्याच दिवशी फेक जमली आणि मुकुल आपणहून उठून अंघोळीला गेला.

आता तो गोव्याला निघाला होता. तिच्या पाटल्या डावावर लावायला.

"नको जाऊस रे."

"आता? माझ्या हातात जादू आहे, असं तूच म्हणायचीस ना?"

"घरात ठीक आहे. एकदा लुडोच्या फाशांनी टाकून बघ ना."

"वेडी आहेस काय? त्यांच्या कडा गोल. तिथले हे असेच असतात, फक्त आरपार दिसतात."

तो आरशासमोर भांग पाडत गुणगुणू लागला. लग्नातला चेहरा होता तो.

"मुकुल, एक सांगायचंय."

"बोल ना."

नेत्रा त्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"डबा घेतलास?"

"घेतला गं."

तिने हाताला साबण लावून पाटल्या काढल्या आणि त्याच्या हातात ठेवल्या.

"हे फासे राहू देत दिशाला," दारातून तो म्हणाला. "तिथे त्यांचेच वापरावे लागतात."

तो शीळ घालत जिना उतरला. नेत्राने दार लावलं. दिशाने तिचा पदर ओढला.

"आई, तिकडच्या फाशांतपण तू आजोबांच्या जाळ्याचं शिसं भरलंयस ना?"