उलट्या विमानाचा प्रश्न

“मग विमान उलटं झालं की ते खाली का पडत नाही?”

प्रश्न तिसऱ्या बाकावरच्या चंदनाचा होता. सुखदाचा हात फळ्यावरच थांबला.

यशवंतपूरच्या एका कॉलेजातला बी.एस्सी. पहिल्या वर्षाचा वर्ग. सुखदा इथली प्राध्यापक नव्हती. ती पीएच.डी. करत होती, आणि संशोधकांना शिकवायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमातला हा तिचा तिसरा, शेवटचा पाठ होता. आधीच्या दोन्ही पाठांवर परीक्षक श्रीविद्या मॅडमचा शेरा एकच होता: ‘विषय येतो, वर्ग येत नाही.’ आजही तोच आला, तर प्राध्यापकीसाठीची शिफारस हातची जाणार होती. मॅडम याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या. आत्ता त्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या.

सुखदाने नुकतंच सांगितलं होतं, की विमानाचा पंख वरून फुगीर असतो. वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो. खालच्या हवेबरोबर पोचायचं म्हणून ती जोरात धावते, तिथला दाब कमी होतो आणि पंख उचलला जातो. तिने स्वतः बारावीत हेच पाठ केलं होतं.

“येलहंकाच्या एअर शोमध्ये बघितलं मी,” चंदना म्हणाली. “उलटं विमान चांगलं लांबपर्यंत सरळ गेलं. तेव्हा फुगीर बाजू खाली होती.”

‘हे तासानंतर बघू,’ असं सुखदाच्या अगदी ओठांवर आलं. अजून दोन उदाहरणं बाकी होती आणि हातात पंधरा मिनिटं. पण आता तिलाच चैन पडेना.

तिने डस्टर उचललं. “दोन्हीकडची हवा एकाच वेळी पोचते, हे मी कधी तपासलंच नाही. नुसतं मानत आले. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.” तिने फळा पुसला. “आता तुम्ही सांगा. पंखाला वर कोण ढकलतं?”

मग मल्लाप्पा नावाचा एक उंच विद्यार्थी म्हणाला, “बसच्या खिडकीतून हात बाहेर काढून थोडा तिरका धरला, की तो आपोआप वर जातो.”

“आणि तळहात कुठे फुगीर असतो?” चंदना म्हणाली.

मग कुणी उठून वहीने वारा घातला, कुणी त्या वाऱ्यात हात तिरके धरले. हात हवेला खाली ढकलतो, म्हणून हवा हाताला वर ढकलते, इथपर्यंत ती मुलं भांडत-भांडतच पोचली. पंख तिरका ठेवला तर उलटं विमानही उडेल, हे चंदनानेच फळ्यावर काढून दाखवलं. तेवढ्यात घंटा झाली. उदाहरणं राहिली ती राहिलीच.

सुखदा बाहेर आली. मागोमाग श्रीविद्या मॅडम आल्या.

“पाठ पुरा झाला नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही, मॅडम.”

“सरी, ठीक आहे. पुढचा तास माझा आहे, ‘ब’ तुकडीवर. विषय हाच.” मॅडमनी हातातला खडू तिच्या हातात दिला. “तो तूच घे. मला जरा नीट ऐकायचंय. एकोणीस वर्षं मी ते फुगीर पंखाचंच सांगत आलेय.”