ढिली पाचर

"एकच चिमूट हो, वहिनी! निखाऱ्यावर टाका, आणि घरी जाऊन मसुरा रांधा!"

गावप्रमुख रोगाटुस भर चौकात धुपाची डबी घेऊन उभा होता. समोर त्याच्या मेलेल्या थोरल्या भावाची बायको, दोनाता. सकाळपासून अख्खं गाव सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप टाकून, खोकून मोकळं झालं होतं. ही एकटी शालीत हात घालून उभी. धूप टाकणार नाही त्याला जत्रेत सिंहापुढे सोडायचं, असा हुकूम होता.

"भावोजी, माझा मालक एकच, ख्रिस्त. मी दगडाला धूप घालत नाही."

"दगड काय म्हणता! सम्राट आहेत ते!"

"परवा याच धडावर दाढीवाला होता."

आता यात खोटं काय होतं? आमच्या चौकात धड एकच, डोकी बदलतात. मानेच्या खाचेत डोकं बसवायचं आणि पाचर ठोकायची. हल्ली सम्राट इतके भराभर मारले जात होते की बारिक नावाचा पाथरवट आपला हातोडा घरी नेतच नसे.

रोगाटुस आधी चिडला, मग त्याचे डोळे भरून आले. "दादाला मरताना शब्द दिलाय हो, वहिनीला सांभाळीन म्हणून. आता काय सिंहाला सांगू, सांभाळून खा म्हणून?"

तेवढ्यात टापा वाजल्या. पलटणीचा नायक घोड्यावरून उतरला. त्याच्या खांद्यावर गोणी होती.

"तो सम्राट मेला! त्याच्याच शिपायांनी कापला. आता हे!" त्याने गोणीतून नवं डोकं कानाला धरून बाहेर काढलं.

"विजय असो!" गाव ओरडलं. नाव कुणीच विचारलं नाही.

बारिकने जुनं डोकं उतरवलं. ते तेलाच्या घाण्यामागे, आधीच्या डोक्यांच्या ढिगात गेलं. नवं वर चढलं. मान जरा जाड होती, त्यामुळे सम्राटांना गालगुंड झाल्यासारखं दिसत होतं. पण बोलणार कोण?

"चला, पुन्हा रांग लावा!" नायक म्हणाला. सगळ्यांत पुढे दोनाताच होती. "टाक, बाई."

"नाही."

नायकाने तलवार उपसली. रोगाटुसने झेप घेऊन त्याचं मनगटच धरलं.

"सरकार, हिला विचारू नका! तुमच्या पाया पडतो. दाढीवाल्याला ही नाही म्हणाली, तो गेला. आजच्याला सकाळपासून नाही म्हणत होती, तोही गेला. आम्ही सगळ्यांनी त्यांना मुठी भरभरून धूप घातला, काही उपयोग झाला नाही!"

त्याचा स्वतःचा यावर विश्वास होता की नाही, देव जाणे. दोनाता मात्र उसळली.

"काहीतरीच काय, भावोजी! मला असलं काही येत नाही. माझ्या नाही म्हणण्याने कशाला मरतील? आपले आपणच मरतात ते!"

नायकाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने नव्या डोक्याकडे पाहिलं. मग तलवार हळूच म्यानात सरकवली.

"ही आत्ता नाही म्हणाली... ते ऐकलं का कुणी?"

"छे छे, सरकार!" गाव एका सुरात म्हणालं.

"मीही नाही ऐकलं. बाई, तू जा घरी. तुला कुणी काही विचारलेलंच नाही."

दोनाताने शाल सावरली आणि ती कपाळावरची आठी तशीच ठेवून मसुरा रांधायला निघाली. रोगाटुस मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

शिडीवरून बारिकने हातोडा उगारला. "सरकार, पाचर घट्ट ठोकू ना?"

नायक पाठमोऱ्या दोनाताकडे बघत राहिला.

"नको," तो हळूच म्हणाला. "ढिलीच असू दे."