गाल

उमरखेडला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मागच्या वर्षी सुरभी वाढदिवसाच्या बॅनरसाठी स्वतःचा फोटो घेऊन आली होती. "अब्रारभाई, गाल थोडे कमी करून द्या न. इन्स्टावर टाकाचा हाय." मी माऊस फिरवून दोन्ही गाल आत घेतले. ती स्क्रीनकडे बघतच राहिली. म्हणाली, "बस. मले अशीच व्हाचं हाय."

आज तिची आई आली. हातात सुरभीचाच मोबाईल. "यातला एखादा फोटो घे, भाऊ. पन तिचे गाल भरून दे. सा महिने झाले, पोरगी धड जेवतच नोती. जेव म्हनलं का मोबाईलमधल्या पोरी दाखवे मले."

मी तिच्या इन्स्टावरचे फोटो चाळले. प्रत्येक फोटोत गालांची हाडं आणखी वर आलेली, आणि प्रत्येकाखाली आणखी लाल बदाम. भरायला गेलो तर ते गाल सुरभीचे वाटेनात. शेवटी वाढदिवसाची जुनी फाईल उघडली आणि तिनं आणून दिलेला मूळ फोटो काढला, हात न लावलेला.

आईनं स्क्रीनवरच्या गालावर तळवा ठेवला. "हे माही पोरगी!"

मी फोटोला हार लावला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाईप केलं.

तिचा तळवा अजून तिथंच होता. "इतकी चांगली त होती, भाऊ. हिच्यातलं काय कमी कराचं होतं तिले?"