सुचिताच्या जेवणाची सोय

तानाबाई गेली त्या दिवशी सुचिता बारवेच्या तळच्या पायरीवर बसून ओल्या ब्रशनं दगड घासत होती. वर काठावर तानाबाईचा नवरा शेषराव येऊन उभा राहिला. घरी माणसं जमली होती, पण पोरीला आपणच सांगावं म्हणून तो अनवाणीच निघून आला होता.

"पोरी, तुही काकू गेली," एवढंच तो बोलला आणि तिथंच खाली बसला.

उकंडरावाच्या वावरात सोयाबीन निंदता निंदता तानाबाईच्या छातीत कळ आली होती. जीपमध्ये घालून चिखलीला नेलं, पण डॉक्टरनं नुसती मान हलवली.

सुचिता सोनाळ्याची. जुन्या वास्तू जपायचं शिक्षण घेतलेली. साखरखेर्ड्याजवळच्या या बारवेचं काम एका संस्थेनं घेतलं होतं, तिथं ती इंटर्न होती. पगार नव्हता. शेवटी दाखला मिळणार होता, आणि त्या दाखल्याशिवाय पुढं कुठं पगाराची नोकरी नव्हती. बाप हमाली करणारा. जेवणापुरतेही पैसे नव्हते, म्हणून पहिल्याच आठवड्यात ती बॅग भरून निघाली होती. तानाबाईनं तिला हाताला धरून घरी आणलं.

"संस्थावाले मले तुह्या जेवणाचे पैसे देऊन राह्यले. मंग लाजते काऊन? बस."

तेव्हापासून रोज संध्याकाळी चुलीपुढं दोघी बसायच्या. तानाबाई भाकरी थापायची, सुचिता खायची आणि शेषराव दोघींचं बोलणं ऐकायचा.

"हे बारव तुही सासू हाये का व? उठली का तिचे पाय धुवाले जाते!"

"सासू बरी हाये काकू. तोंड तरी चालवत नाही."

तानाबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची. तिचं माहेर याच गावचं. लहानपणी तिनं याच बारवेचं पाणी वाहिलं होतं. पुढं नळ आले आणि बारवेत गावाचा कचरा पडू लागला. सुचितानं पहिल्या पायऱ्या मोकळ्या केल्या, तेव्हा तानाबाई जाऊन त्यातल्या एकीवर बसून राहिली. "हितं माही घागर फुटली होती," ती म्हणाली. "मायनं लय मारलं होतं." आणि दगडावरून हात फिरवत राहिली.

घरच्या वावरातलं काम आटोपलं, की ती हल्ली दुसऱ्याच्या निंदणाला जायची. शेषराव चिडायचा.

"या वयात काऊन जातं?"

"घरात करमत नाही मले. तुमचं तोंड पाहून किती बसू?"

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सुचितानं बॅग काढली.

"काका, मी जाऊन राह्यली. चिखलीले कपड्याच्या दुकानात काम भेटते. पगार हाये."

"आन बारव?"

"बारवेनं पोट भरत नाही ना, काका."

शेषराव सरळ माणूस. पोरगी चालली, तर तिच्या नावाचे पैसे फुकट कशाला घ्यायचे? तो बारवेवर गेला. संस्थेचे भागवत सर तिथं होते.

"साहेब, पोरगी चालली. तिच्या जेवणाचे पैसे आता बंद करा."

"कोणते पैसे?"

"तानाले देत होते ते."

"शेषराव, आम्ही इंटर्नलाच काही देत नाही, तर जेवणाचे कुठून देणार? शिकायला मिळतं ना तिला."



"शिकणाऱ्याले भूक लागत नाही का, साहेब?"

पुढच्या वर्षी मानधनाचं बघू, असं काहीतरी सर म्हणाले. शेषरावाचं तिकडं लक्ष नव्हतं. बारवेच्या काठावरून उकंडरावाचं वावर दिसत होतं. पोरगी इथं बिनपगारी राबत होती आणि तिच्या भाकरीची मजुरी तानाबाई तिथं करत होती.

तो घरी आला. सुचिता ओट्यावर बॅग घेऊन बसली होती. जीप यायची होती. हे तिला सांगितलं, तर ती जन्मभर सुखानं घास खाणार नाही, हे त्याला कळत होतं.

"ठेव ते बॅग अंदर. सरानं सांगतलं, जेवणाचे पैसे चालूच राहतीन. काम पुरं होयपर्यंत."

सुचिता त्याच्याकडं बघत राहिली.

"आन सैपाक?"

"मी करीन."

"काका, तुमाले येते?"

तो तिची बॅग उचलून घरात घेऊन गेला. वाटेत तो उकंडरावाला विचारून आला होता. उद्यापासून त्याच्या वावरात काम होतं. भाकर थापणं तेवढं शिकायचं राहिलं होतं.