व्हीसीआरच्या पंख्याची घरघर

“अबे लटारू, पंखा बसवला का पिठाची चक्की?”

भैयाजी कमरेवर हात ठेवून उभे होते. लटारू मेकॅनिक जमिनीवर पालथा पडून व्हीसीआरच्या मागे बॅटरी मारत होता.

वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या त्या क्वार्टरांच्या ओळीत व्हीसीआर एकट्या भैयाजींकडे. स्टोअरात कारकून असले म्हणून काय झालं, मेहुणा दुबईला होता! पण चंद्रपूरचं ऊन त्या विलायती यंत्राला सोसेना. होळी जवळ आली तशी ते तापायला आणि कॅसेट अडकवायला लागलं. लटारूने राजुऱ्याच्या भंगारातून दोन चिमुकले पंखे आणले, त्यातला एक मागे बसवला, अँटेनाची तारही भिंतीच्या भोकातून नव्याने ओढून दिली. यंत्र थंड झालं आणि घरघर सुरू झाली.

कॅसेट लावली की घरघर. कॅसेट संपली की चूप. नुसत्या टीव्हीवर बातम्या लावल्या तर एवढासाही आवाज नाही. म्हणजे रोग पंख्यातच, हे शेंबडं पोरही सांगेल. लटारूला तेवढंही कळत नव्हतं.

“भैयाजी, पंखा तं मस्त फिरून राह्यला. तेल टाकतो अजून. फक्त ते मागची तार हलवू नका जी, चित्र जाईन.”

“तेल मागच्या खेपेलेबी टाकलं होतं तू. आता अक्कल टाक जराशी.”

लटारू नुसता हसला. निर्लज्ज मेला. तेल टाकून निघाला तो सरळ शेजारच्या हरिदासच्या घरात चहाला घुसला. दोघे एकाच गावचे, त्यामुळे त्याची ऊठबस तिथेच.

हरिदास कोळशाच्या खात्यात कामाला. संध्याकाळी कोळशाने माखलेलं तोंड घेऊन सायकलवर यायचा. त्यानेही मध्ये लिलावातून एक जुनापुराणा टीव्ही आणला होता. अर्ध्या तासात तापायचा आणि बंद पडायचा. शेवटी हरिदासच्या आईने, गिरजाबाईने, त्याच्यावर विणलेला रुमाल टाकून ठेवला. भैयाजी महिनाभर ही गोष्ट स्टोअरात सांगून हसत होते. ऐपत नाही तर हौस कशाला?

ही गिरजाबाई हिवाळ्यात एकदा वाटीभर बोरं घेऊन दारात आली होती.

“भैयाजी, मलेबी पाहू द्या ना बापा एखांदा सिनेमा. इथी कोपऱ्यात बसीन.”

“बाई, हा काही जत्रेतला तंबू नाई. या आता.”

भैयाजींनी बोरं ठेवून घेतली आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी खिडक्यांच्या काचांना आतून कागद चिकटवले. तेव्हापासून ओळीतल्या कोणीही सिनेमाचा विषय काढला नाही. एकदा ठणकावलं की हे लोक सरळ येतात, असं भैयाजींचं ठाम मत होतं. म्हातारी तेवढी अधूनमधून कुंपणापलीकडून विचारायची, “आज कोणता हाय, भैयाजी?” नाव ऐकून तिला काय चाटायचं होतं कोण जाणे! पण तिला जळवायला म्हणून भैयाजी मुद्दाम नाव सांगायचे.

रविवारी दुपारी मोठे साहेब सिनेमा पाहायला येणार होते. पलीकडच्या बाजूला बागवाली मोठी क्वार्टरं रिकामी होत होती आणि यादी साहेबांच्या हातात होती. या कोळसेवाल्यांच्या शेजारातून सुटायची ही एकच संधी. भैयाजींनी बायकोला, कुंताला, चार दिवस आधीच बजावलं होतं, “त्या दिवशी चिवडा खारट झाला तं पाहाजो!”

रविवारी साहेब आले, बाईसाहेब आल्या. कुंपणापलीकडून गिरजाबाईने सिनेमाचं नाव विचारलं, ते भैयाजींनी तिच्या अंगावर फेकलं आणि दार लावून घेतलं.

“शेजारीपाजारी येत असतील ना पाहायला?” साहेबांनी विचारलं.

“छे, सर! एकालेही फिरकू देत नाई. लायकी पाहिजे ना सिनेमा पाहाची.”

साहेबांनी मान डोलावली. भैयाजींना बागेतला गुलाब दिसायला लागला. कॅसेट सुरू झाली आणि पाच मिनिटांत घरघर आली.

“हे काय वाजतंय हो?”

“पंखा, सर. मेकॅनिक हलकट निघाला.”

साहेबांनी अर्धा तास सोसलं. पडद्यावर नायकाची आई खाटेवर शेवटचं काहीतरी सांगत होती आणि त्यातला एक शब्द धड ऐकू येत नव्हता. बाईसाहेबांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी चपला शोधायला पाय पुढे केला.

“राहू द्या, भैयाजी. पुन्हा कधी पाहू.”

क्वार्टर हातचं चाललं होतं. “एक मिनिट, सर!” म्हणत भैयाजी व्हीसीआरमागे वाकले आणि त्यांनी पंख्याची वायर उपटून काढली. पाती दोनदा डुगडुगली आणि थांबली.

घरघर चालूच होती.

साहेबांनी थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं, मग भैयाजींकडे पाहिलं. यंत्रच फुटतं की काय या धास्तीने भैयाजींनी कॅसेट बंद केली. नायकाची आई वाक्य अर्धवट टाकून गेली. घरघर तरी चालूच, भिंतीच्या तारेच्या भोकातून. तेवढ्यात भिंतीवर पलीकडून थापा पडल्या, दहा-पंधरा जणांचा गलका उठला आणि त्यातून गिरजाबाईचा खणखणीत आवाज आला,

“भैयाजी, ऐन टायमाले बंद काऊन केलं बापा? साहेबाईले चहा मंग पाजा, आधी सिनेमा लावा!”