स्टुलाएवढी जागा

आनंदनगरच्या कारखान्यात कामाला असलेल्या चांगुणाताईंची हातानं चालवायची तीनचाकी रोज सकाळी येईपर्यंत वॉचमन भीमराव सायकल स्टँडवर आपलं स्टूल मांडून जागा धरायचे आणि स्वतः उभे राहायचे. त्याच स्टुलावर हात टेकून ताई उतरायच्या. अपंगांसाठी कायदा आला, तेव्हा साहेबांनी तीनचाकी टेपनं मोजून तिच्या राखीव जागेला पिवळे पट्टे मारून घेतले. "भीमराव, उचला स्टूल. बसा आता निवांत!" दुसऱ्या दिवशी तीनचाकी पट्ट्यांत चपखल बसली, पण दोन्हीकडे स्कूटरी लागलेल्या, कुबडी टेकायला वीतभर जागा नाही. भोंगा वाजला तरी ताई गाडीतच. भीमरावांनी शेजारची स्कूटर खसकन मागं ओढली. नेमकी साहेबांचीच निघाली! ते धावत आले. "साहेब, तुम्ही गाडी मोजलीत, माणूस मोजायचा राहिला." साहेबांनी ओशाळून पेंटरला पुन्हा बोलावलं. त्यानं टेप काढताच भीमरावांनी चाकाला लागून आपलं स्टूल ठेवलं. "टेप राहू दे. हे माप बारा वर्षांचं."