बजेटमध्ये बसणारी सायकल

"हिचे शॉकअप वर्षभरसुद्धा टिकायचे नाहीत," सायकलच्या दुकानाची मालकीण म्हणाली. चष्मेवाल्यांचा हात खिशातल्या पाकिटापर्यंत पोचला होता. तो तिथूनच मागे फिरला.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले आणि पुन्हा स्टुलावर बसले.

चष्मेवाल्यांचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. चाळिशी उलटलेली, सडेफटिंग, बोलणं मोजकं. गावामागच्या डोंगरावर चालवायला सायकल हवी, असं सांगत ते हिवाळ्यात पहिल्यांदा आले. बजेट त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, आणि त्यापुढे ते एका दमडीनंही सरकले नाहीत. तेव्हापासून दर रविवारी, स्वतःचं दुकान बंद असलं की, ते इथे येऊन बसत.

त्या बजेटात डोंगरावरची सायकल म्हणजे आखूड पांघरूण. डोकं झाकावं तर पाय उघडे. ब्रेक चांगले घ्यावेत तर गिअर कुरकुरणारे. गिअर चांगले घ्यावेत तर फ्रेम अशी जड, की चढावर सायकलनं माणसाला न्यायच्या ऐवजी माणसानंच तिला खांद्यावर घ्यावं. मध्यंतरी सुटे भाग घेऊन सायकल जुळवायचं ठरलं. फ्रेम एका कंपनीची, चाकं दुसरीची, हँडल तिसरीचंच. सगळं मनासारखं जमलं, तेव्हा सीटपुरते पैसे उरले नव्हते.

"उभ्यानं चालवीन," चष्मेवाले म्हणाले.

मालकिणीनं त्यावरही शांतपणे विचार केला आणि नको म्हणाली.

दुकान बहीण-भावाचं होतं. गल्ल्यावर ती, मागे दुरुस्तीला दादा. दादाला बायको होती, दोन मुली होत्या. मालकिणीच्या लग्नाचा विषय घरात कधीकाळी रोज निघायचा, मग अधूनमधून, आणि आता कुणी काढेनासं झालं होतं. तिलाही त्याचं फारसं वाटत नसे. निदान हिवाळ्यापर्यंत तरी वाटत नव्हतं.

चष्मेवाले गेल्यावर दादा हात पुसत बाहेर आला. "अगं, परवा त्या कॉलेजच्या पोराला हीच सायकल विकलीस. तेव्हा शॉकअप आठवले नाहीत?"

"तो अंगानं हलका आहे."

चष्मेवालेही काही पैलवान नव्हते. पण दादा वादात पडला नाही. त्यानं कंपनीला फोन केला.

पुढच्या रविवारी दुकानात दारासमोरच एक सायकल उभी होती. गेल्या वर्षीचं मॉडेल, कंपनीनं निम्म्या किमतीत काढलेलं. फ्रेम हलकी, ब्रेक उत्तम, गिअर लोण्यासारखे. किंमत चष्मेवाल्यांच्या बजेटमध्ये अशी बसली होती, की जणू मापच घेतलं होतं. दादा हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला.

मालकिणीनं सायकल पुढून मागे तपासली, मग मागून पुढे. चाक फिरवून पाहिलं. ते डगमगलं नाही. ब्रेक दाबले. ते लागले. सीटखाली वाकून ती बराच वेळ काहीतरी शोधत राहिली.

"हिचा रंग…" ती म्हणाली.

"रंगाचं काय?" दादानं विचारलं.

"रंग चांगला आहे."

चष्मेवाल्यांनी पेडलबद्दल एक शंका काढली. दादानं तिचं निरसन केलं. त्यांनी टायरबद्दल दुसरी काढली. दादानं तिचंही केलं. मग विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"म्हणजे घ्यावीच लागेल," चष्मेवाले म्हणाले. दाढ काढायला तयार झालेला माणूस अशा सुरात बोलतो.

"आधी एक चक्कर तर मारून या," दादा म्हणाला आणि पावतीपुस्तक आणायला मागे गेला.

चष्मेवाले हँडल धरून सायकल चालत घेऊन निघाले आणि तसेच कोपऱ्यावरून वळले. मालकीण गल्ल्यापाशी उभी राहिली. पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवलं तरी चालेल, असं तिला वाटलं. त्याच्या पुढच्याही.

बऱ्याच वेळानं ते परत आले, तेही चालतच. पँटच्या दोन्ही गुडघ्यांना माती. कोपर चांगलंच सोललेलं. सायकलवर मात्र ओरखडाही नव्हता.

"पडलात?"

"पडायला आधी बसता यावं लागतं," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी सायकल जपून स्टँडवर लावली. "मला सायकल येत नाही."

मालकीण बघत राहिली. "मग इतके महिने ते ब्रेक, गिअर, शॉकअप…?"

"पहिल्याच रविवारी घेतली असती, तर पुढच्या रविवारी कशाला येता आलं असतं?" ते टायरकडे बघत म्हणाले.

तिनं ड्रॉवरमधून औषधाची पेटी काढली, कापूस भिजवला आणि त्यांचा हात पुढे ओढून घेतला. त्यांनी तो ओढू दिला. औषध झोंबत असणार, पण ते तसं म्हणाले नाहीत.

"शिकायला किती दिवस लागतात?" त्यांनी हळूच विचारलं.

प्रश्न तिला होता, पण भिंत पातळ होती. "आठवड्यात येते हो!" दादा आतून ओरडला. "लहान पोरांना तर दोन दिवसांत येते!"

मालकिणीनं कोपरावर पट्टी चिकटवली आणि उगाचच ती पुन्हा एकदा दाबून बसवली.

"नाही रे दादा," ती म्हणाली. "ह्यांना वेळ लागेल."